मंगळाची हवा कक्षेतून कशी मोजतात, आणि मिथेनचा घोळ कुठे आहे

प्रश्न असा आहे: मंगळापासून ४०० किलोमीटर वर फिरणारं यान, हवेचा एक कणही हाती न घेता, खाली तापमान किती, वाफ किती, धूळ किती हे कसं सांगतं? आणि ही पद्धत एवढी भरवशाची असेल तर २००४ मध्ये एका यानाने मिथेन आहे म्हणावं आणि २०१९ मध्ये दुसऱ्याने नाही म्हणावं, हे कसं? विचारणारी मुलगी एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकते आहे, त्यामुळे थोडं खोलात शिरतो. उपग्रहांकडून आलेल्या अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपटांतून तापमान आणि वायूंचं प्रमाण काढणं हा माझा धंदा. सुरुवात पृथ्वीच्या हवेपासून केली, मंगळाकडे नंतर वळलो.

यानावरचं उपकरण वायू बघत नाही, हे आधी पक्कं करून घ्या. कुठल्या तरंगलांबीला किती ऊर्जा आली, एवढी एकच गोष्ट ते नोंदवतं; त्या नोंदीचा आलेख म्हणजे वर्णपट. तेवढी ऊर्जा बाहेर टाकायला वस्तू किती केल्विनची हवी, हे प्लँकच्या सूत्राने काढायचं. ह्याला आम्ही ब्राइटनेस टेंपरेचर म्हणतो. जमीन आणि तिच्यावरची हवा अगदी एकाच तापमानाला असेल, तर हवेत कितीही वायू असोत, औष्णिक अवरक्तात वर्णपट गुळगुळीत येतो, रेषा, म्हणजे ठराविक तरंगलांबीला वायूने उमटवलेली खूण, म्हणून काही दिसतच नाही. रेषा उमटते ती तापमानातल्या फरकामुळे. म्हणून ह्या सगळ्या उद्योगात पहिला नंबर तापमानाचा. वायूंची पाळी त्यानंतर.

तापमान मिळवायची युक्ती सुंदर आहे. मंगळाच्या हवेत सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि तो सगळीकडे सारखा मिसळलेला आहे. म्हणजे ह्या वायूचं प्रमाण आपल्याला आधीच ठाऊक आहे. १५ मायक्रॉनला, तरंगसंख्येत (एका सेंटिमीटरात किती लाटा मावतात त्यात) ६६७ प्रति सेंटिमीटरला, त्याचा एक दणकट शोषणपट्टा आहे. आंबोलीच्या घाटात धुकं दाट असलं की नजर चार हातांवर अडते, विरळ असलं की दरीचा तळ दिसतो. यानाचं तसंच होतं. पट्ट्याच्या ऐन मध्यावर हवा इतकी अपारदर्शक असते की वरून बघताना उंचावरच्या थरातच नजर अडते. मध्यापासून बाजूला सरकाल तसतसं खालचं दिसू लागतं, आणि पट्ट्याच्या पार बाहेर थेट जमीन. त्यामुळे ६६७ पासून ५५० किंवा ८०० पर्यंत सरकणं म्हणजे एका अर्थी उंचीवरून खाली उतरणं. प्रत्येक तरंगसंख्येचं ब्राइटनेस टेंपरेचर हे त्या त्या थराचं तापमान, ढोबळमानाने.

दुपारी दोनच्या सुमाराला मंगळाच्या विषुववृत्ताजवळ जमीन २७० केल्विनच्या आसपास असते, वरची हवा त्याहून पुष्कळ थंड. मग हा पट्टा आलेखात खोल खड्ड्यासारखा दिसतो. ध्रुवावर गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचं तापमान १५० केल्विनच्या खाली असतं आणि वरची हवा कधीकधी त्याहून उबदार. तेव्हा तोच पट्टा उलटा होऊन डोंगरासारखा वर येतो. वायू तोच, प्रमाण तेच, पण एकदा खड्डा आणि एकदा डोंगर. १९७१-७२ मध्ये मरिनर ९ वरच्या आयरिस उपकरणाने दक्षिण ध्रुवाचे असे वर्णपट पाठवले. मी शिकवताना अजून तोच आलेख आधी दाखवतो, कारण 'शोषण म्हणजे वायू आहे' हा कॉलेजातला ठोकताळा तिथे मोडतो.

मरिनर ९ बद्दल आणखी थोडं सांगायलाच हवं. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये ते मंगळाच्या कक्षेत शिरलं, म्हणजे दुसऱ्या ग्रहाभोवती फिरणारं पहिलं यान. आणि पोचलं तेव्हा अख्खा ग्रह धुळीच्या वादळात बुडालेला. कॅमेऱ्यावाल्यांनी कपाळाला हात लावला, पण आयरिसवाल्यांची चंगळ झाली. रुडॉल्फ हॅनेल ह्यांच्या नासाच्या गॉडर्ड केंद्रातल्या गटाने बनवलेलं हे उपकरण ५ ते ५० मायक्रॉनचा पट्टा एका दमात घेत होतं. ९ मायक्रॉनच्या आसपास धुळीने रुंद खळगा पाडलेला दिसला, तो सिलिकेटचा. धूळ ऊन शोषून हवेलाच तापवत होती, त्यामुळे वरची हवा उबदार आणि खालची-वरची तफावत कमी झालेली. वादळ निवलं तेव्हा तफावत पूर्ववत झाली आणि थारसिसच्या ज्वालामुखींवर पाण्याच्या बर्फाचे ढगही त्याच वर्णपटांत सापडले. धूळ ९ मायक्रॉनला, बर्फाचे ढग १२ मायक्रॉनला, ही खूणगाठ तेव्हापासून चालत आली आहे.

आता उपकरणाच्या आत. आयरिस, पुढे मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानावर गेलेलं टेस, युरोपच्या मार्स एक्सप्रेस यानावरचं पीएफएस, ही सगळी फूरियर स्पेक्ट्रोमीटर आहेत. तुम्ही प्रयोगशाळेत मायकेलसनचा इंटरफेरोमीटर जुळवला असेल, तोच. प्रकाशाचे दोन भाग करायचे, एकाचा मार्ग आरसा हलवून लांबवत न्यायचा, दोन्ही पुन्हा एकत्र आणायचे आणि डिटेक्टरवर तीव्रता कशी वरखाली होते ते नोंदवायचं. ह्या नोंदीचं फूरियर रूपांतर म्हणजे वर्णपट. सगळ्या तरंगलांबी एकाच वेळी एकाच डिटेक्टरवर पडतात, म्हणून मंगळाच्या फिक्या उष्णतेतूनही पुरेसा सिग्नल मिळतो. आणि मार्गातला फरक जितका जास्त, तितका वर्णपट बारीक. पीएफएसमध्ये तो अर्धा सेंटिमीटर आहे, त्यातून सुमारे १.३ प्रति सेंटिमीटरची बारकाई मिळते.

ह्या यंत्राची दुखरी नस म्हणजे थरथर. समजा मार्गातला फरक सेकंदाला १ मिलिमीटरने वाढतो आहे. मग १००० प्रति सेंटिमीटर तरंगसंख्येचा प्रकाश डिटेक्टरवर १०० हर्ट्झचा चढउतार होऊन उतरतो. आता यानाची दिशा सांभाळणारं रिॲक्शन व्हील जर सेकंदाला १०० वेळा कापत असेल, तर तो कंप आणि तो प्रकाश ह्यांतला फरक डिटेक्टरला कळायचा काही मार्ग नाही. आणि १००० च्या आसपासच तर धुळीचा पट्टा! आरसाच थरथरला तर आणखी वाईट: खऱ्या वर्णपटाची फिकट प्रत सरकून भलत्याच ठिकाणी उमटते. तिला घोस्ट म्हणतात. पीएफएसच्या लघुतरंगाच्या भागात असे घोस्ट आहेत, आणि ते लपवलेले नाहीत. त्यावर रीतसर लेख छापून आलेले आहेत. हे लक्षात ठेवा, मिथेनच्या वेळी लागेल.

अंशशोधन (कॅलिब्रेशन) हा कंटाळवाणा वाटणारा पण पोटापाण्याचा भाग. उपकरण आधी रिकाम्या अवकाशाकडे वळवायचं, मग आतल्या ज्ञात तापमानाच्या काळ्या पृष्ठाकडे, मग ग्रहाकडे. उपकरण स्वतःही उबदार असतं आणि स्वतःचाच अवरक्त प्रकाश डिटेक्टरवर टाकत असतं, तो वजा व्हायला हवा. वळायची यंत्रणा अडकली तर सगळंच संपलं. शुक्राकडे गेलेल्या व्हीनस एक्सप्रेसवरही एक पीएफएस होतं, त्याचं नेमकं तेच झालं: स्कॅनरचा आरसा बंद स्थितीत अडकला आणि शुक्राचा एकही कामाचा वर्णपट त्यातून मिळाला नाही. एरवी ठणठणीत असलेलं उपकरण, एका आरशापायी गेलं.

वर्णपट हातात आला की उलटं गणित सुरू होतं, आम्ही रिट्रिव्हल म्हणतो. तापमानाचा एक अंदाज धरायचा, त्यावरून वर्णपट कसा दिसला असता ते काढायचं, खऱ्याशी ताडायचं, अंदाज बदलायचा. क्रम ठरलेला: १५ मायक्रॉनवरून हवेचं तापमान, त्याच्या बाहेरच्या स्वच्छ खिडकीतून जमिनीचं, मग धूळ, मग बर्फाचे ढग, आणि शेवटी २०० ते ४०० प्रति सेंटिमीटरमधल्या बारीक रेषांवरून पाण्याची वाफ. पहिल्या पायरीवर २ केल्विन चुकलात तर शेवटच्या पायरीवर वाफेचा आकडा बिघडतो. जमिनीवरचा दाबही आधी ठाऊक हवा. तो सुमारे ६ मिलिबार, आपल्या दाबाच्या शंभराव्या भागाहून कमी, पण ध्रुवांवर हवा गोठते-वितळते त्यामुळे ऋतूंनुसार पाव हिश्श्याइतका बदलतो. शिवाय ऑलिंपस मॉन्सच्या माथ्यावर तो किती आणि हेलासच्या खोलगट भागात किती, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक.

इथे नवख्यांची एक हमखास फसगत होते. डेटाफाईलमध्ये तापमानाचे आकडे दर दोन-तीन किलोमीटरला दिलेले असतात. ते पाहून वाटतं की उपकरणाने तेवढं बारीक पाहिलं. नाही पाहिलं. सरळ खाली बघताना प्रत्येक तरंगसंख्येची ऊर्जा सुमारे १० किलोमीटर जाडीच्या थरातून येते. त्याहून पातळ काही असेल तर ते सरासरीत पुसलं जातं. मधले आकडे गणिताने, आधीच्या अंदाजाच्या आधाराने भरलेले असतात. एकाच वर्णपटाला जुळणारी तापमानाची कितीतरी रूपं असू शकतात. म्हणून आकड्यांबरोबर ॲव्हरेजिंग कर्नल, म्हणजे प्रत्येक आकड्यात कुठल्या उंचीचा किती वाटा आहे हे सांगणारे आलेख, मागा, आणि ते नसतील तर त्या उंचीनुसारच्या तापमानातल्या बारीक वळणांवर प्रबंध लिहायला बसू नका. रेषांची सूचीही एकदा तपासा. हिट्रानसारख्या सूचीत रेषांची रुंदी मुख्यतः पृथ्वीच्या हवेसाठी दिलेली असते. कार्बन डायऑक्साइडच्या धक्क्यांनी पाण्याची रेषा त्याच्या दीड ते दुप्पट रुंदावते. ही दुरुस्ती विसरलेला डेटा पाहिला की मला लगेच वास येतो: वाफ नेहमी जास्त निघते.

वाफ म्हणजे तरी किती? मंगळावरच्या एखाद्या ठिकाणची सगळी वाफ पाणी करून जमिनीवर पसरली तर थर भरतो साधारण १० मायक्रॉनचा. उत्तर ध्रुवाच्या उन्हाळ्यात तो कित्येक पटींनी वाढतो. एवढ्याशा वाफेचा ऋतूंनुसार बदलता नकाशा मार्स ग्लोबल सर्व्हेयरवरच्या टेसने १९९९ पासून काढला, आणि २००१ चं जागतिक धूळवादळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिवसाआड नव्हे, रोज टिपलं. माझ्या मते मंगळाच्या हवामानाबद्दलचं सर्वात भरीव काम ह्या उपकरणाने केलं, आणि बातम्यांत ते सर्वात कमी आलं.

बातम्यांत आलं ते मिथेन. मार्स एक्सप्रेस २५ डिसेंबर २००३ ला मंगळाच्या कक्षेत शिरलं. वर्षभरात, २००४ च्या शेवटी, व्हित्तोरियो फॉर्मिसानो ह्यांच्या गटाने पीएफएसच्या आधारे जाहीर केलं की मंगळावर मिथेन आहे, सरासरी सुमारे १० पीपीबी, म्हणजे हवेच्या अब्ज रेणूंत दहा. मिथेन जीवाणूही बनवतात आणि खडक-पाण्याच्या रासायनिक क्रियेतूनही तो निघतो, त्यामुळे गवगवा होणारच.

रेषा कुठली? ३०१८ प्रति सेंटिमीटरची, ३.३ मायक्रॉनजवळ. इथे दिवसा मुख्यतः सूर्याचा परावर्तित प्रकाश असतो, त्यामुळे औष्णिक फरकाची अडचण नाही. अडचण दुसरी. मंगळाच्या विरळ, थंड हवेत मिथेनच्या एकेका रेषेची रुंदी प्रति सेंटिमीटरच्या शंभराव्या भागाहून कमी असते. पीएफएसची बारकाई १.३. म्हणजे रेषेपेक्षा खिडकी शंभरावर पटींनी रुंद. खोल पण अरुंद खाच त्या खिडकीत पसरून उथळ खोलगट होऊन जाते. ३०१८ ला मिथेनच्या बऱ्याच रेषा दाटीने आहेत म्हणून निदान काहीतरी दिसू शकतं. तेही एका वर्णपटात दिसत नाही; शेकडो-हजारो वर्णपटांची सरासरी काढावी लागते.

सरासरीने नुसता गोंगाट असेल तर तो वर्णपटांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. दहा हजार वर्णपट, तर गोंगाट शंभरपट कमी. पण जी चूक दर वेळी त्याच जागी, त्याच दिशेने येते ती सरासरीने घटत नाही. उलट गोंगाट गेल्यावर ती अधिक ठसठशीत दिसते. घोस्टची फेज दर वेळी वेगळी असेल तर तेही सरासरीत विरतं, हा पीएफएस गटाचा युक्तिवाद बरोबर आहे. प्रश्न 'किती विरतं' हा आहे, कारण शोधायची खाचही तेवढीच क्षीण आहे. शेजारी पाण्याच्या वाफेच्या रेषा आहेत, सूर्याच्या स्वतःच्या रेषा आहेत, त्याही अचूक वजा व्हायला हव्यात.

ह्याच सुमाराला पृथ्वीवरच्या दुर्बिणींनीही २००३ च्या निरीक्षणांतून मिथेनचे लोट पाहिल्याचा दावा केला. तिथे बारकाई उत्तम, पण मधे पृथ्वीची हवा, जिच्यात मिथेन १,७०० पीपीबीहून जास्त. दोन कमकुवत पुरावे एकमेकांना टेकू देत उभे राहिले, असं माझं मत आहे.

भारताच्या मंगळयानावरही ह्यासाठी उपकरण होतं. ५ नोव्हेंबर २०१३ ला यान सुटलं, २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत गेलं, आणि त्यावर अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने बनवलेला जेमतेम ३ किलोचा मिथेन सेन्सर होता. तो १.६५ मायक्रॉनजवळ फॅब्री-पेरो पद्धतीने मोजत होता: रेषांच्या जागांवर बेतलेल्या फटींतून किती प्रकाश येतो आणि शेजारी किती, ह्यांची तुलना. हलकं, साधं, कल्पक. पण पूर्ण वर्णपट हाती नसला की त्याच फटीत दुसऱ्या कुणी शोषण केलं तर ते वेगळं काढता येत नाही. मिथेनचा आकडा त्यातून आला नाही; त्या तरंगलांबीला मंगळाचा पृष्ठभाग किती परावर्तन करतो ह्याचा नकाशा आला. मिथेनचा आकडा आला नाही म्हणून थट्टा करणाऱ्यांनी एवढंच आठवावं की ३१ किलोच्या पीएफएसलाही हा प्रश्न निर्विवाद सोडवता आलेला नाही.

मग आलं ट्रेस गॅस ऑर्बिटर, युरोप आणि रशियाचं. २०१६ मध्ये पोचलं, २०१८ च्या एप्रिलपासून मोजू लागलं. त्यावरची एसीएस आणि नोमॅड ही उपकरणं मुख्य मोजणी वेगळ्याच बाजूने करतात: खाली न बघता, सूर्य उगवताना किंवा मावळताना हवेच्या कडेतून थेट सूर्याकडे. ह्यात तीन फायदे एकदम मिळतात. सूर्याचा प्रखर प्रकाश. हवेतून शेकडो किलोमीटरचा तिरका मार्ग. आणि हवेच्या वरून घेतलेल्या सूर्याच्या वर्णपटाने भागलं की उपकरणाच्या आणि सूर्याच्या बऱ्याचशा खोडी आपोआप जातात, काळ्या पृष्ठाची गरजच नाही. शिवाय एसीएसचा मध्य-अवरक्त भाग पीएफएसपेक्षा कितीतरी बारीक, रेषा सुट्या दाखवणारा. तोटा एवढाच की दोन तासांच्या फेरीत अशी संधी दोनदाच, आणि जमिनीलगत धूळ आडवी येते. शेवटचे काही किलोमीटर बहुधा दिसत नाहीत.

निकाल २०१९ मध्ये छापला: मिथेन नाही. असलाच तर ०.०५ पीपीबीपेक्षा कमी. पुढे ती मर्यादा आणखी खाली, ०.०२ पर्यंत आली. आणि हे उपकरण आंधळं नव्हतं. त्याच भागात काम करताना त्याला धुळीच्या मोसमातला हायड्रोजन क्लोराइड सापडला, जो मंगळावर आधी कुणी पाहिला नव्हता, काही पीपीबी एवढाच. २०२० मध्ये आणखी गंमत झाली. ३.३ मायक्रॉनलाच कार्बन डायऑक्साइडचा एक अतिक्षीण चुंबकीय-द्विध्रुव पट्टा आणि ओझोनच्या रेषा दिसल्या, मिथेन शोधतात त्याच खिडकीत. हा पट्टा तोवर कुठेच नोंदला गेला नव्हता, रेषासूचीतही नव्हता. पीएफएसला दिसलेली खाच ह्यांचीच होती असा अर्थ त्यातून निघत नाही. पण 'ह्या जागी मिथेनशिवाय कोणी नाही' हा भरवसा मात्र गेला.

तुम्ही म्हणाल, मग क्युरिऑसिटी रोव्हरचं काय? ते गेल विवरात हवा आत ओढून लेझरने मोजतं, आणि तिथे रात्री सरासरी ०.४ पीपीबीच्या आसपास मिथेन, अधूनमधून उसळ्या. १५ जून २०१३ ला त्याने सुमारे ६ पीपीबी मोजले, आणि दुसऱ्याच दिवशी वरून जाणाऱ्या पीएफएसने १५.५ पीपीबी, हे जुन्या डेटातून काढून २०१९ मध्ये छापलं. २०१९ च्याच जूनमध्ये रोव्हरने २१ पीपीबी पाहिले तेव्हा मात्र कक्षेतल्या दोन्ही यानांना काही दिसलं नाही. अडचण ही की मिथेन एकदा सुटला तर सूर्यप्रकाशाने नष्ट व्हायला त्याला तीनशेच्या आसपास वर्षं लागायला हवीत आणि हवेत मिसळायला महिने. गेलमध्ये सतत झिरपत असेल तर तो वर साचून ऑर्बिटरला दिसायलाच हवा. न दिसण्यासाठी त्याला झटपट गिळणारी अशी काही प्रक्रिया लागेल, जी अजून कुणी दाखवलेली नाही. माझा कौल, काही किलोमीटरच्या वरच्या हवेपुरता, ट्रेस गॅस ऑर्बिटरच्या बाजूने आहे. २००४ चा आकडा मी वापरत नाही. २०१३ च्या जोडमोजणीबद्दल मी कुंपणावर आहे, आणि एकाच दिवसाच्या मोजणीवर त्याहून जास्त बोलण्यात अर्थ नाही.

यूएईच्या होप यानावरचं एमिर्स २०२१ पासून लांबच्या कक्षेतून अख्खी थाळी एकदम बघतं आणि दिवसाच्या सगळ्या वेळा टिपतं. टेसला फक्त दुपारचे दोन आणि रात्रीचे दोन मिळायचे. दिवस-रात्रीच्या फरकावर काम करायचं असेल तर तो डेटा घ्या.

स्वतः करून पाहायचं असेल तर गॉडर्डचं प्लॅनेटरी स्पेक्ट्रम जनरेटर ब्राउझरमध्ये फुकट चालतं. मंगळ निवडा, कक्षेतून सरळ खाली बघणारी भूमिती घ्या, ३००० ते ३०४० प्रति सेंटिमीटरचा पट्टा, मिथेन १० पीपीबी. आधी बारकाई ०.०१ ठेवून आलेख काढा, मग १.३. दुसऱ्या आलेखात ३०१८ ची खाच शोधा, आणि पाण्याची वाफ १० वरून १५ मायक्रॉन केल्यावर तिच्या शेजारी काय हलतं तेही बघा.